उपासाला न चालणारी पुडी

माझी भीती पहाटे सुरू व्हायची, सांबाराच्या वाफ्यात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वाशीमच्या हर्राशीत, म्हणजे भाजीच्या लिलावात, ताजा माल न्यायचा तर उजाडायच्या आत तो उपटून, जुड्या बांधून, पाणी शिंपडून तयार ठेवावा लागतो. वाकून जुडी बांधता बांधता एकाएकी छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे आणि वाटायचं, आता काहीतरी होणार. काय होणार ते विचारू नका. मला ते ठाऊक असतं तर निदान त्याची तयारी तरी केली असती.

अशी बिनकारणाची भीती फार दिवस मोकळी राहत नाही. ती आपल्यासाठी जागा शोधते. माझ्या भीतीने आमची विहीर शोधली. विहिरीला कठडा नाही आणि मोटरचं बटण काठावरच्या खांबाला. नवरा भाजी घेऊन पहाटेच निघून जायचा, त्यामुळे मोटर चालू करायचं काम माझं. तिथं उभी असतानाच मला भोवळ येईल, मी आत जाईन आणि वर मोटर चालूच राहील, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसायचं की मी अलीकडे धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, खिळून जायची. मग सासू यायची. ती बटण दाबायची आणि मी मागे तिचा पदर धरून उभी. बी.ए. झालेली सून सासूच्या पदराला धरून उभी आहे, हे शेजारच्या वावरातल्या बायका कामं सोडून बघायच्या. बघू देत. माझ्या जागी त्या असत्या तर त्यांनी पदर नाही, सासूच धरली असती.

नवऱ्याने आधी समजूत घालून पाहिली. "तुले काय कमी हाय, सांग न? घर हाय, वावर हाय, पानी हाय. भेव कायचं वाटते?" मला त्याचा इतका राग यायचा! कमी असल्यावर माणूस रडतं, घाबरत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण तो माणूस वाईट नाही. एके दिवशी पालकाच्या गठ्ठ्यावर बसून मला रडताना त्याने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, "ही डोकेदुखीची गोळी नाही, घेतली की लगेच बरं वाटेल अशी. हिला काही आठवडे द्यावे लागतात. धीर धरा." मग विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

मी म्हटलं, "नाही." नवराही म्हणाला, "नाई." आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

मी गोळी इतक्या निष्ठेने घेतली की तशी निष्ठा मी कुठल्या देवालाही दाखवली नसेल. रोज पहाटे वाफ्यात वाकायच्या आधी स्वतःला चाचपून पाहायची, आज कमी आहे का? कमी नसायची. उलट वाढायची. झोप तुटायची, मग अंधारात नुसतं छताकडे बघत पडायचं. पुन्हा अकोला, पुन्हा तेच सांगणं, गोळी वाढली. पुन्हा काही आठवडे. काही नाही.

आता भीतीच्या वर एक नवी भीती बसली. माझ्या माहेरच्या गावात एक बाई होती. तिला घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवणाचं ताट दारातून सरकवायचे. आम्ही मुली त्या खोलीसमोरून जाताना पळत सुटायचो आणि पुढे जाऊन हसायचो. गोळी लागू पडत नाही हे कळलं तेव्हापासून ती खोली मला रोज दिसायला लागली, आणि ती बाहेरून नाही, आतून दिसायची. या गोळीनेही झालं नाही तर मग माझं काय? हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. विचारला असता आणि समोरचा गप्प बसला असता तर?

आता पुडीचं सांगते. पालेभाजीचं काम म्हणजे जन्मभर वाकणं. आदल्या पावसाळ्यात माझी कंबर अशी धरली की उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागायचे. सासूकडे त्यावर इलाज होता. शिरपूरच्या बाजारात एक माणूस ताडपत्री अंथरून बसतो. समोर वाळलेली मुळं, सालींचे ढीग, एका बरणीत कसलंसं काळं तेल आणि बाजूला भोंगा. त्याची सांधेदुखीची पुडी सासू कितीतरी वर्षं घेत होती. माझे सासरे वारले त्या साली तिचे गुडघे पार गेले होते. दारातल्या पायरीवरही तिला धरून चढवावं लागायचं. पुडी सुरू केली आणि ती पुन्हा वाफ्यात उकिडवी बसायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मी कशाला शंका घेऊ?

"घे वं पोरी," ती म्हणाली, "हे काई अवशद नोहे. झाडपाला हाय. त्याच्यात अंड्याच्या टरफलाची राख हाय, हाडाले जोर येते."

आमच्या घरात औषध म्हणजे दवाखान्यातून आणलेलं. त्याचा कागद असतो, त्याला वेळ असते, ते संपलं की संपतं. पुडी ही सुंठ, ओवा, हळद यांच्या रांगेतली. चहात आलं किसून घालता, तशी चिमूटभर पुडी गुळात कालवून जिभेवर. आलं घालून चहा पिते, हे तुम्ही डॉक्टरांना सांगता का? आम्हीही पुडी सांगितली नाही. आठवलीच नाही.

माझी कंबर खरंच सुटली. भूकही अशी सुटली की मी भाकरी टोपल्यातून काढून उभ्याउभ्या खायची. चेहरा गोल झाला, गालावर लाली आली. शिरपूरच्या बाजारात दुकान लावून बसले की बायका म्हणायच्या, "काय वं, चांगली भरली तू! सासूचा हात चांगला हाय वाटते." सासू खुशीत यायची. तिथल्या जैन मंदिरात येणारे यात्रेकरू चातुर्मासात पालेभाजीकडे बघतही नाहीत, त्यामुळे तेव्हा आम्हाला गप्पांना भरपूर वेळ. मी हसायची आणि हसताना आतल्या आत थरथरत असायची. बाहेरून तब्येत सुधारलेली आणि आतून रोज एक भिंत खचते आहे, हे कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? कोपराला जुडीची दोरी घासली तरी निळा डाग पडायचा. तेही मी कामाच्या नावावर टाकलं.

त्यात सासूची माया. अकोल्याची गोळी सुरू झाली तेव्हा ती काळजीत पडली. "त्या गोयीनं आंग गरम पडते, कमजोरी येते. तुले पुडी थोडी जास्त देतो." मग गोळी वाढली, तेव्हा पुडीही वाढली. भीती वाढली की डॉक्टर गोळी वाढवायचे, गोळी वाढली की सासू पुडी वाढवायची. मध्ये मी.

नवरात्र आलं. आमच्या घरात नऊ दिवस घट बसतो, अखंड दिवा असतो आणि घरातली एक बाई पूर्ण उपास धरते. इतकी वर्षं तो उपास सासूचा होता. त्या वर्षी ती म्हणाली, "आता माह्याच्यानं होत नाई. तू धर. देवी तुहं भेव काढन." मी धरला. मला कशाचाही आधार हवा होता.

उपासाला पुडी चालत नाही, कारण तिच्यात अंड्याचं टरफल. पूर्वी नवरात्र आलं की सासू ते दिवस अंथरुणावरच काढायची, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. उपासानं बाई थकते, एवढाच त्याचा अर्थ. आता उपास माझा, म्हणून पुडी माझी बंद. तिची चालू.

पहिले दोन-तीन दिवस जे झालं ते मी आजही विसरत नाही. मला झोप लागली. पहाटे वाफ्यात वाकले आणि छातीतली धडधड आलीच नाही. मी विहिरीपर्यंत एकटी गेले, बटण दाबलं आणि पाटात पाणी पडल्याचा आवाज ऐकत उभी राहिले. घरी येऊन घटासमोर डोकं टेकवून पोटभर रडले. देवी पावली, असंच वाटलं मला.

मग अंगातलं बळ ओसरायला लागलं. आधी पायातून गेलं, मग हातातून. शेंगदाण्याचा घास तोंडात फिरायचा, मळमळायचं. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काळोख. सगळे म्हणाले, उपास कडक आहे. सांबाराच्या वाफ्यातच मी पडले. सासूने तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. नंतर तिनेच मला सांगितलं की तिने कनवटीची पुडी सोडून हातात घेतली होती. माझ्या जिभेवर ठेवणार होती. पण उपास मोडेल म्हणून परत बांधली. तिने ती दिली असती तर मी कदाचित थोड्या वेळाने उठून बसले असते, जुड्या पुन्हा बांधायला लागले असते, आणि खरं काय ते कधीच कुणाला कळलं नसतं. हा विचार आला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

वाशीमच्या दवाखान्यात सलाईन लावलं. नाडी हाताला लागेना. तिथल्या डॉक्टरांनी माझा गोल चेहरा पाहिला, कोपरावरचे निळे डाग पाहिले आणि विचारलं, "औषध कोणतं घेता ते नाही विचारत. पुडी घेता का? गुडघ्याची, कंबरेची, बाजारातली?"

सासूने कनवटीची गाठ सोडली आणि पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उघडून पाहिली. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, म्हणाले, पण अशा पुड्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात आणि माझं शरीर तेच सांगत होतं. सासूला एवढंच कळलं की आपल्या पुडीने सुनेचा जीव जात होता. ती अचानक म्हणाली, "घरी दिवा एकटा हाय," आणि बस धरून गावाला निघून गेली. घटाचा दिवा विझू द्यायचा नसतो. तिला कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते ऐकायला ती खोलीत नव्हती.

पुढचं असं. आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. संकट आलं की त्या रक्तात एक रस सोडतात. त्या रसानेच माणूस सावध होतो, काळीज जोरात धावतं, झोप उडते. रोज पहाटे तो थोडा चढतोच, आपल्याला उठवण्यासाठी. पुडीतून मी त्याच रसासारखं औषध वरून गिळत होते. म्हणजे घरात साप नसताना शरीराला रोज सांगितलं जात होतं की साप आहे. अकोल्याच्या डॉक्टरांना फोन गेला तेव्हा तेही म्हणाले, "तुमच्या गोळीला काम करायला जागाच नव्हती. ती शांत करणार, आणि हे पुन्हा पेटवणार." मी वाफ्यांना पाणी देणारी बाई, मला ते माझ्या पद्धतीने समजलं. पाट मध्येच फुटलेला असेल तर मोटर कितीही वेळ चालवा, वाफा भरत नाही. आम्ही मोटरलाच शिव्या देत होतो.

आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट अशी की हे एकदम बंद करायचं नसतं. वरून आयतं मिळत राहिलं की त्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग वरचं अचानक थांबलं की शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. माझं तेच झालं होतं. आता तेच औषध मोजून, डॉक्टरांच्या हातून, हळूहळू कमी करत घ्यायचं. जे मला घाबरवत होतं तेच मला जगवायला लागणार होतं.

मला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर कागदावर गोळ्या लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "त्या आजीही घेत असतील ना? त्यांना घेऊन या. तोपर्यंत बंद करू देऊ नका. त्यांचं तर कितीतरी वर्षांचं असणार."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मायनं त्याच दिवशी सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकून देल्ल्या. मले फोनवर सांगे. म्हने, असं जहर घरात नको."

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आम्ही मोटरसायकलवर निघालो. मी मागे त्याच्या कमरेला धरून. माझं काळीज तसंच धावत होतं जसं वाफ्यात धावायचं, हात तसेच ओले. पण ही भीती वेगळी होती. या भीतीला पत्ता होता. मला माझ्या सासूपर्यंत पोहोचायचं होतं, बाकी काही नाही. रस्त्यावर एका ट्रॅक्टरने आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही तेव्हा मी त्या माणसाला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या माहेरच्यांनी ऐकल्या असत्या तर मला घरात घेतलं नसतं.

सासू घटासमोर पडली होती. ओकारीचा वास येत होता. ओठ पांढरे, पण डोळे उघडे. दिवा चालू होता. तेलाची वाटी तिच्या हाताजवळ उलटली होती, म्हणजे ती सरपटत तेल घालत होती. मला बघून ती म्हणाली, "आली का तू? दिवा नाई इझू देल्ला मी."

मी तिला बोलूही दिलं नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी नवऱ्याशी फोनवर बोलून, मला मोजून दिलेल्या नव्या गोळ्यांतली एक तिला द्यायला सांगितली. ती मान हलवत होती, तोंड घट्ट मिटत होती. "ते जहर नोको देऊ मले." मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, "आई, घ्या! मी सांगून राह्यली न तुमाले, घ्या!" इतक्या वर्षांत मी सासूवर कधी ओरडले नव्हते, आणि तिच्या बोलीत तर नाहीच. तिने तोंड उघडलं. गावातल्या एका भाजीच्या गाडीत, रिकाम्या क्रेटांवर गोधडी टाकून आम्ही तिला वाशीमला नेलं. वाटेत ती डोळे मिटायची आणि मी तिला हलवून उठवायची. डोळे मिटले की ते पुन्हा उघडणार नाहीत असं वाटायचं. तिला तिथं सुईतून दिलं ते औषधही तेच होतं.

ती वाचली. दोघींचं औषध डॉक्टर थोडं थोडं कमी करत गेले. रोज सकाळी चहाबरोबर मी तिला तिची गोळी द्यायची, ती मला माझी, आणि एकमेकींनी गिळलेली पाहिल्याशिवाय कप खाली ठेवायचो नाही. अकोल्याच्या गोळीने आता आपलं काम सुरू केलं. हळूहळू, त्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसं. मागची खोली मला दिसेनाशी झाली. म्हणजे अगदीच दिसत नाही असं नाही, पण तिचं दार आता बाहेरून दिसतं. सासूचे गुडघे पुन्हा गेले. ती आता वाफ्यात बसत नाही. खाटेवर बसून जुड्या बांधते.

एका सकाळी मी सांबाराचा भारा तिच्यापुढे टाकला. तिने एक जुडी बांधली, दुसरी हातात घेतली आणि थांबली.

"एक इचारू? तुह्या छातीत जे होये न, पहाटी... तसं मलेबी होये."

मी खाली बसले. "कधीपासून?"

"पुडी घ्याले लागली तवापासून. आता नाई होत."

"मंग सांगतलं काहून नाई कोनाले?"

"काय सांगू? तुहे सासरे गेले त्याच साली गुडघे गेले, त्याच साली पुडी सुरू झाली. पहाटी जाग ये, काळीज धडधड करे, रडू ये. मले वाटे, नवरा गेल्यावर बाईले असंच होत असन. मी म्हनो, त्यायची आठवन हाय, राहू दे." तिने हातातल्या जुडीची दोरी पुन्हा सोडली. "आता तं पुडीबी नाई आन् ते रडूबी नाई. मंग मले सांग, तू शिकेल हायेस. इतके साल मी त्यायच्यासाठी रडली का त्या पुडीपायी?"

अकोल्याच्या डॉक्टरांना हे विचारावं असं पुष्कळदा मनात येतं. पण ते काय सांगतील याची मला भीती वाटते, आणि ही भीती कुठल्याही पुडीतली नाही.